चकतीखालचा रंग

उस्तादांनी दाराच्या आतली गोल चकती अंगठ्याने दाबून धरली, हँडलच्या बुडाशी दिसलेली बारीक पिन खिळ्याने ढकलून काढली आणि काच खाली-वर करायचं ते हँडल माझ्या हातात दिलं. मग चकती निघाली. तिच्याखाली रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा असा रेक्झिनचा गोल उघडा पडला. भोवतीचं सगळं दार मातकट, उन्हाने करपलेलं. आणि मधोमध हा एवढासा गोल, कोवळा, हात लावला तर बोटाला ओल लागेल असं वाटावं इतका हिरवा. पन्नासहून जास्त वर्षं त्याच्यावर ऊन पडलं नव्हतं, कुणाचं बोट फिरलं नव्हतं. नांदेडच्या देगलूर नाक्याजवळच्या त्या शेडमध्ये पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक काडी खाली आली होती. तिच्यात धूळ तरंगत होती. आम्ही दोघं त्या नाण्याएवढ्या रंगाकडे बघत उभे राहिलो.

"देखो सर," उस्ताद म्हणाले, "हा तिचा असली चेहरा."

मला तो चेहरा ओळखू आला नाही. मी सातवीत होतो तेव्हापासून ही गाडी आमच्या घरात आहे. तिच्यात बसून मी परीक्षांना गेलो, ताईची पाठवणी हिच्यातूनच झाली, दादांना, म्हणजे वडिलांना, शेवटचं दवाखान्यात नेलं तेही हिच्यातून. तिच्या आतल्या प्रत्येक खिळ्याशी माझी ओळख आहे असं मी धरून चाललो होतो. पण हा हिरवा मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

गाडी म्हणजे फियाट ११०० डिलाइट. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाट गाड्या आपल्याकडच्या रस्त्यांवर आल्या. पन्नाशीच्या दशकातली ती गुबगुबीत, गोल नाकाची गाडी. तिला लोक लाडाने डुक्कर फियाट म्हणत. १९६४ साली डिलाइट आली, अंगाने सरळ, कोपऱ्यांनी नेटकी. हीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि काळा-पिवळा रंग लेवून मुंबईची टॅक्सी झाली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा मुंबईकर हळहळले. आम्हा मराठवाड्यातल्यांची फियाट मात्र निराळी. ती टॅक्सी नव्हती. ती डॉक्टरांची, वकिलांची, एखाद्या आडत्याची असायची, गावात दोन-चार. आणि हॉर्नच्या आवाजावरून कुणाची ते कळायचं.

दादा लातूरला डॉक्टर होते. त्यांनी ही गाडी हैदराबादच्या एका वकिलाकडून घेतली. मराठवाड्याची माणसं मोठ्या खरेदीला हैदराबादलाच जायची. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली तरी पायांची सवय संपली नव्हती. त्या शहरात चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस ठेवलेली आहे. तिच्यात मागे चक्क सिंहासन आहे. ती जेमतेम काहीशे मैल चालली, म्हणून तिचं आतलं वैभव अजून शाबूत आहे. आमच्या फियाटने मात्र आधी वकिलाची आणि मग दादांची सगळी धूळ खाल्ली. आमच्या दारात ती आली तेव्हा तिला दहा-अकरा वर्षं झाली होती. म्हणजे आम्ही तिला तिच्या रंगात कधी पाहिलेलंच नव्हतं. हे मला त्या दिवशी, त्या शेडमध्ये पहिल्यांदा कळलं.

मी रात्री ताईला फोन केला. तिला विचारलं, फियाट आतून कुठल्या रंगाची होती गं? ती क्षणभरही थांबली नाही. "राखाडी. पाऊस पडून गेल्यावर आभाळ असतं तशी." धाकट्या भावाला विचारलं, तो म्हणाला, "बिस्किटी, नक्की बिस्किटी. चहात बुडवलेलं बिस्कीट." माझ्या डोळ्यांपुढे मात्र मोतिया रंग होता, थोडा पिवळटलेला, जुन्या लग्नपत्रिकेसारखा. तिघांच्याही आठवणी इतक्या पक्क्या की कुणी हटेना.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत एकटाच बसलो. आधी पुढे, मग मागे, आणि एकेक जागा नीट न्याहाळली. पुढच्या काचेतून आलेल्या उन्हाने डॅशबोर्ड आणि पुढची दारं भाजून बिस्किटी झाली होती. धाकटा कायम पुढच्या बाकासारख्या सलग सीटवर, आई-दादांच्या मध्ये उभा असायचा. मागची डावी बाजू कमी भाजलेली. तिथल्या हिरव्यातला पिवळा अंश तेवढा उडून गेला होता आणि खाली राखाडी उरला होता. ती ताईची जागा. आणि मागच्या काचेखालची फळी अगदी फटफटीत, मोतिया. मी सीटवर गुडघे टेकून, तोंड मागे करून, सुटत जाणारा रस्ता बघत बसायचो. हनुवटी त्या फळीवर टेकलेली असायची. कुणाचीच आठवण चुकीची नव्हती. जो तो आपल्या जागेचा रंग घेऊन मोठा झाला होता.

मी तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. रंग का उडतो हे मला फळ्यावर लिहून दाखवता येतं. रंगाच्या रेणूत दुहेरी बंधांची एक साखळी असते, ती उजेडाचा काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. तो परत आलेला उजेड म्हणजे आपण पाहतो तो रंग. अतिनील किरण त्या साखळीवर घाव घालत राहतात. कडी तुटली की उजेड गिळणं थांबतं. लाल आणि पिवळे यात बरेचदा आधी जातात. काजळीचा काळा मात्र हटत नाही, म्हणून जुन्या गाडीत सगळं उतरतं आणि काळी बटणं तेवढी काळीच राहतात. रेक्झिनचं दुखणं आणखी एक असतं. मूळचं रेक्झिन हे इंग्लंडमधल्या एका मालाचं नाव, कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेला. पुढे पीव्हीसी आलं तरी आपण त्याला रेक्झिनच म्हणत राहिलो. त्या पीव्हीसीत मऊपणासाठी तेलकट द्रव मिसळलेला असतो. उन्हाळ्यागणिक तो थोडा थोडा उडून जातो, काचेवर आतून धुरकट थर धरतो, आणि मागे राहिलेलं रेक्झिन पापडासारखं कडक होऊन तडकतं.

आणि ऊन तरी कुठलं, लातूरचं. दादांचा दवाखाना गंजगोलाईच्या जवळ होता. १९१७ साली आखलेली ती गोल बाजारपेठ. चाकाच्या आऱ्यांसारखे तिच्यापासून सोळा रस्ते फुटतात. तुरीची, हरभऱ्याची पोती उतरवणाऱ्या हमालांच्या गर्दीत गाडीला सावलीची जागा कधी मिळाली नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी दादा बाहेर पडले की आधी पंचा माठाच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे आणि स्टिअरिंगवर अंथरायचे. चर्र असा आवाज यायचा, हे मी ऐकलेलं आहे. दोन मिनिटं थांबून ते पंचा काढून घ्यायचे आणि तोच मानेभोवती टाकून गाडी सुरू करायचे. त्या पंचाच्या आणि उन्हाच्या झटापटीत स्टिअरिंगचा हस्तिदंती रंग गेला आणि त्याला भेगा पडल्या. आत लोखंडी कडं असतं, वर प्लास्टिकचं कवच. वर्षांनुवर्षं कवच आकसत जातं, लोखंड आकसत नाही. मग कवच तडकतं.

उस्तादांनी गाडी आतून पूर्ण उघडली. दारांच्या पुठ्ठ्यावर चढवलेलं रेक्झिन, सनवायझर, मीटरची चौकट, पत्र्याचा डॅशबोर्ड, एकेक वस्तू त्यांनी जुन्या सतरंजीवर मांडली. प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकाशेजारी चिकटपट्टीने लावून ठेवला. हा माणूस चाळीस वर्षं गाड्या रंगवतो आहे. वडिलांकडून शिकला. त्यांचे वडील निजामाच्या काळात टांग्यांच्या छपरांना आणि दांड्यांना रंग देत, असं ते सांगतात. रंग देण्याच्या कामापेक्षा रंगापूर्वीच्या कामावर त्यांची श्रद्धा जास्त. सात दिवस त्यांनी रंगाचा डबा उघडला नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश, मग साधं पाणी, मग स्पिरिटने पुसणं. पुसलेली चिंधी पांढरी निघेपर्यंत पुन्हा पुसणं. कुणी मध्यंतरी डॅशबोर्डवर चमक येण्यासाठी पॉलिश लावलं असेल तर त्यातलं सिलिकॉन पृष्ठभागात दडून बसतं आणि वरून रंग मारला की तो जागोजागी मागे सरतो. गारा पडल्यावर ओल्या मातीत उठतात तसे गोल खड्डे पडतात. "माणसाने लावलेली चमक आधी उतरवायची," ते म्हणाले, "मग देवाने दिलेला रंग दिसतो." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मग बारीक वॉटर पेपर, पाण्यात भिजवलेला, फक्त तळव्याच्या वजनाने फिरवायचा. बोटं टेकवली की चर पडतात.

मीटरची चौकट काढली तेव्हा मागच्या पन्हळीत बारीक माती साचलेली मिळाली. पांढरट, पिठासारखी. लातूरची माती काळी. ही पांढरी माती गावच्या गढीची, जुन्या वाड्यांच्या भिंतींची. मी ती चिमटीत धरून बराच वेळ बसलो. ती किल्लारीचीच असेल असं मी म्हणणार नाही. दादा शेकडो खेड्यांत गेले होते. पण मला दुसरं गाव आठवेना.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आम्ही अंगणात आलो. उजाडायच्या आत दादांनी घरातली सगळी औषधं, चादरी, आईची जुनी पातळं गाडीत भरली आणि ते औश्याच्या रस्त्याला लागले. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. तिकडची घरं जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून बांधलेली ती घरं झोपेतल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. दादा पाच दिवस घरी आले नाहीत. गाडी मात्र ये-जा करत राहिली. ओळखीचा कुणी ना कुणी ती चालवायचा आणि मागच्या सीटवर जखमी माणसं लातूरला यायची.

गाडी परत आली तेव्हा आईने ती सीट तीन दिवस धुतली. डाग निघाले नाहीत. मग तिने जाड खादीची खोळ शिवली, सीटवर चढवली, आणि ती खोळ त्यानंतर कधी काढली गेली नाही. धुतली असेल ती वरच्यावर. आम्ही कुणी तिच्याखाली पाहिलं नाही. दादांनी त्या पाच दिवसांबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

उस्तादांनी ती खोळ उसवली. खाली सीट होती, बाकीच्या गाडीपेक्षा कितीतरी हिरवी, कारण तीस वर्षं ऊन तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. चकतीखाली जो रंग होता तो कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा. हा १९९३चा. आणि त्याच्यावर, डाव्या कोपऱ्यात, तपकिरी डाग. उस्तादांनी विचारलं नाही काय आहे म्हणून. त्यांनी खोळ नीट घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हे तुम्ही सांगाल तसं."

आता माझ्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. सरकारने २०२१मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नासहून अधिक वर्षांची गाडी मूळ रूपात ठेवली असेल तर तिला निराळी नंबरप्लेट मिळते. नियमाला सांगाडा, बाहेरचा पत्रा आणि इंजिन बदललेलं चालत नाही. मूळ रूप म्हणजे काय याचं उत्तर तिथे सोपं आहे. माझं अवघड होतं. गाडीला चकतीखालचा हिरवा दिला तर ती आम्हा तिघांनाही अनोळखी होईल. बिस्किटी दिला तर धाकट्याची होईल, राखाडी दिला तर ताईची. आणि त्या सीटचं काय करायचं?

मी चकतीखालच्या रंगाचा नमुना घेऊन लातूरला आईकडे गेलो. उस्तादांनी चार दिवस खपून पत्र्याच्या तुकड्यावर तो उतरवला होता. त्या चार दिवसांबद्दल मला थोडं सांगायचं आहे. शहरात रंग मोजणारं यंत्र आहे, पण एवढासा खरबरीत गोल त्याच्या डोळ्याला पुरेना. उस्तादांनी पांढऱ्यात पिवळा घेतला, थेंबभर निळा, मग काडीच्या टोकाने काळा. हिरवा झाला, पण भडक, नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा. मग त्यांनी सुईच्या टोकावर मावेल एवढा लाल घातला. लालने हिरव्याचं तोंड मिटलं. रंग एकदम वयस्क झाला. मी फळ्यावर पूरक रंगांचं चक्र कितीदा काढलं असेल, पण लाल घातल्याने हिरवा शहाणा होतो हे असं समोर कधी पाहिलं नव्हतं. "ओला रंग खोटं बोलतो सर," असं म्हणून ते प्रत्येक ठिपका वाळेपर्यंत थांबायचे. वाळलेला ठिपका आधी उन्हात बघायचे, मग सावलीत, मग रात्री ट्यूबलाइटखाली. उन्हात तंतोतंत जुळलेला ठिपका ट्यूबखाली फितूर व्हायचा. निराळ्या रंगद्रव्यांनी साधलेली जुळणी एका उजेडात खरी आणि दुसऱ्यात खोटी ठरते, याला शास्त्रात नाव आहे. उस्तादांकडे नाव नाही, नजर आहे.

ते नमुना बघताना भोवतीचा करपलेला भाग पांढऱ्या कागदाने झाकून घ्यायचे. रंगाला शेजार बिघडवतो, म्हणायचे. फ्रान्समध्ये गोबलँच्या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाईचं खातं सांभाळणाऱ्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार यायची. त्याने तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारच्या रंगांनी तो तसा दिसत होता. त्यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. मी उस्तादांना हे सांगितलं. त्यांनी ब्रश बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "मग तो कारीगर होता."

आई पंच्याऐंशीच्या पुढे आहे. ओसरीत तांदूळ निवडत होती. मी पत्र्याचा तुकडा तिच्यापुढे धरला.

"काय दाखवलालास?"

"फियाटच्या आतला रंग. मूळचा. तुला आठवतो का?"

तिने तुकडा हातात घेतला, उजेडाकडे फिरवला. "मी आत कशाला बघू? मी बाहेर बघायची." मग थोड्या वेळाने म्हणाली, "हा तर घाट्याचा रंग. हरभऱ्याचा कवळा घाटा असतो बघ, दाणा भरायच्या आधीचा." आणि तेच त्याचं नाव झालं. आपल्याकडे मोरपंखी आहे, डाळिंबी आहे, आमसुली आहे, करडईच्या फुलाचा कुसुंबी आहे. घाट्याचा हिरवा कुठल्या दुकानाच्या यादीत नसेल. लातूरच्या बाईला मात्र त्याच्यासाठी शब्द शोधावा लागला नाही.

मी तिला माझी अडचण सांगितली. हा रंग लावला तर आपली गाडी राहणार नाही, असंही म्हणालो. तिने तांदळातला खडा बाजूला केला. "गाडीला गाडीचा रंग लाव की बाबा. आपल्या ध्यानातला आपल्या ध्यानात ऱ्हातोय. त्याला रंग कशाला लागतोय?"

मग मी सीटचं विचारलं. विचारताना माझा आवाज बदलला असावा, कारण ती निवडायची थांबली. तिने विचारलं, डाग अजून आहेत? मी म्हटलं, आहेत. ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर कुणीतरी हातगाडी नेत होतं, तिचं चाक कुरकुरत गेलं.

"तुझे दादा रोज पट्टी बदलायचे," ती म्हणाली. "जुनी पट्टी कुणी जपून ठेवतंय का? धुऊन घे. रंग लाव."

हे सगळं चैत्रातलं. उस्तादांनी वैशाखात एक दार करून पाहिलं आणि काम थांबवलं. त्या उन्हात फवारा दारापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत होता. हात फिरवला तर रवाळ लागायचं. आषाढ-श्रावणात उलटा प्रकार. पत्र्याच्या डॅशबोर्डसाठी ते अजून ड्युको वापरतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या त्या नायट्रोसेल्युलोजच्या रंगाचं नाव आपल्याकडच्या गॅरेजांत रूढ झालं ते आजतागायत. त्यातलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं. रंग दुधासारखा पांढरट पडतो. गोदावरीला पाणी आलेलं, नांदेडची हवा ओल्या फडक्यासारखी. आम्ही थांबलो. थांबण्याचे ते चार महिने मला काम केल्यासारखेच वाटले. दसऱ्यानंतर आभाळ मोकळं झालं, हवा कोरडी आणि सोसवेल अशी झाली, आणि उस्तादांनी निरोप धाडला.

सकाळी आठ ते दहा, एवढाच वेळ. रेक्झिनला भिंतीचा किंवा पत्र्याचा रंग चालत नाही, घडीवर तो फुटतो. त्याला त्याच्यासारखाच लवचीक रंग लागतो. उस्ताद त्याचे हात अगदी पाण्यासारखे पातळ देत. पहिल्या हातानंतर काही झाल्यासारखं दिसतच नाही. दुसऱ्यानंतर करपलेला भाग दबकतो. तिसऱ्या-चौथ्याला हिरवा हळूच वर येतो, आणि तरी रेक्झिनवरचे बारीक कण, चामड्यासारखी ती नक्षी, सगळी उघडी राहते. "रंग बसला पाहिजे. चढला नाही पाहिजे," ते हाताखालच्या पोराला सांगत होते. स्टिअरिंगच्या भेगा त्यांनी आधी कानशीने रुंद केल्या, एम-सील भरलं, घासून घासून कड्याशी एकजीव केलं आणि मग पीयूचा हस्तिदंती रंग दिला. त्यातलं हार्डनर फुप्फुसाला वाईट. मी पोरासाठी चांगला मास्क घेऊन गेलो होतो आणि तो तोंडावर चढवल्याशिवाय गन हातात घेऊ दिली नाही. सीट सगळ्यात शेवटी घेतली. तिच्यावर उस्तादांनी स्वतः रिठ्याचं पाणी फिरवलं. त्या दिवशी ते एकटेच होते; पोराला त्यांनी चहाला धाडलं होतं. चिंधी पांढरी निघेपर्यंत मी समोर उभा होतो.

एक गोष्ट मी त्यांना करताना पाहिली आणि विचारली. प्रत्येक दारावर, हँडलच्या जागी, जुना हिरवा गोल होता तिथे त्यांनी चिकटपट्टीची गोल चकती कापून लावली होती. रंग मारून झाल्यावर ती काढली. चार दारं, चार गोल, जुन्या रंगाचे, जसेच्या तसे.

"हे राहू द्यायचं," ते म्हणाले. "पुढच्या पेंटरसाठी."

पौषात मी गाडी घेऊन लातूरला निघालो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याकडून निळ्या आणि केशरी पगड्यांची एक रांग रस्ता ओलांडत होती, तिच्यासाठी थांबलो. मग लोहा, अहमदपूर, चाकूर. जुन्या सवयीने गिअरसाठी हात स्टिअरिंगखालच्या दांडीकडे गेला. समोरच्या काचेत डॅशबोर्डचं हिरवं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्या हिरव्यातून मी रस्ता बघत होतो. पहिल्या पन्नास किलोमीटरला मला परक्याच्या घरी पाहुणा गेल्यासारखं वाटत राहिलं. पुढे कुठेतरी ते वाटणं थांबलं. नक्की कुठे, ते सांगता येत नाही.

घरी पोचल्यावर आई फाटकापर्यंत चालत आली. गाडीभोवती फिरली नाही, आत वाकून पाहिलं नाही. पुढचं दार उघडून आपल्या जागी बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "औश्याच्या बाजूला चल. घाटे भरले असतील."

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना हरभरा गुडघ्याएवढा झाला होता. तिने उजव्या हाताने समोरची कड धरली, डाव्याने हँडल फिरवून काच पूर्ण खाली केली आणि बाहेर बघत बसली.